यशूच्या औषधाचं बेसन

आर्णीच्या बसस्टँडसमोर बळीराम नगराळे यांचं हाटेल आहे. हाटेल म्हणजे तीन बाकडी, एक भट्टी, एक कढई आणि वर टिनाचं छत. एसटी वेळेवर आली तरी कंडक्टर इथला आलुबोंडा खाल्ल्याशिवाय घंटी मारत नाही, आणि मग वेळेवर आलेली गाडी उशिरा सुटते. याबद्दल आजवर एकाही प्रवाशाने तक्रार केलेली नाही, कारण तेव्हा प्रवासीही तिथेच खात असतात.

बळीराम साठी ओलांडलेला, अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून भरदार माणूस. जगातलं कोणतंही दुखणं भज्याने हटतं, निदान कमी तरी होतं, असं त्याचं ठाम मत. सर्दी झाली तर मिरची भजे, ताप उतरून तोंड बेचव झालं असेल तर कांदा भजे, आणि मनाला लागलं असेल तर आलुबोंडा आणि वरून तर्री. ॲलर्जी हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा पुण्याकडचे लोक काम टाळायला वापरतात तसलं काहीतरी असावं, असं त्याला वाटलं.

अशा माणसाच्या नातीला हरभऱ्याची ॲलर्जी निघाली.

नातीचं नाव यशोधरा, घरात यशू. लहानपणी बेसनाची पाटोडी खाल्ली की तिच्या ओठांभोवती लाल गांध्या उठायच्या. बळीराम म्हणायचा, तिखट लागलं असेल. मग एका चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीनंतर, विहारासमोर कोणीतरी प्रेमाने तिच्या हातावर बुंदी ठेवली. ती चार दाणे खाते न खाते तोच तिचे डोळे सुजून मिटले आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिचा बाप, म्हणजे बळीरामचा मुलगा अश्वजित, विजेच्या खात्यात लाइनमन, तिला उचलून मोटरसायकलवर सरकारी दवाखान्यात घेऊन पळाला. ती वाचली. पुढे यवतमाळला तपासण्या झाल्या आणि लहान मुलांच्या डॉक्टर निकिता ठोंबरे यांनी सांगितलं की, या मुलीला हरभऱ्याचं काहीही चालणार नाही. डाळ नाही, फुटाणे नाहीत, बेसन तर मुळीच नाही.

बळीरामला हे वैयक्तिक अपमानासारखं लागलं.

"तुरीची असंन जी," तो म्हणाला. "तुरीनं लय लोकाईले तरास होते. हरबरा गरीब असते."

"हरभऱ्याचीच आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमच्या कपड्यांना आत्तासुद्धा बेसनाचा वास येतोय. घरी गेल्यावर हिला जवळ घेण्याआधी आंघोळ करत जा."

तेव्हापासून अंगणात एक बादली, साबण आणि धुतलेले कपडे ठेवलेले असायचे. बळीराम दुकान बंद करून आला की दाराबाहेरच डोक्यावरून पाणी घ्यायचा, कपडे बदलायचा आणि मग ओलेत्या केसांनी घरात शिरायचा. समोर नव्याने राहायला आलेल्या संगीताने हे आठवडाभर पाहिलं. अंत्यविधीवरून आलेला माणूस असंच दारात पाणी घेतो, एवढं तिला ठाऊक होतं. शेवटी न राहवून ती प्रभावतीकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, तुमच्या घरचे रोजच मौतीले जातात काय?"

बळीरामची बायको प्रभावती फार बोलत नसे, पण जे बोलायची ते ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायचं. "नाही वो माय," ती म्हणाली. "भज्याची पापं धुतात."

एवढं करूनही यशूला आबाच्या फार जवळ जाऊ देत नसत, कारण बेसन त्याच्या कानात, नखांत, चष्म्याच्या दांडीत, कुठेही सापडायचं. मुलगी मोठी होत होती. शाळेत डबा वेगळा, वाढदिवसाला वेगळं ताट, लग्नात तर आई तिचा हात धरूनच बसायची. ती आई, प्रियंका, जवळच्या एका गावातल्या शाळेत शिक्षिका होती, आणि ती वर्गात शिकवत असतानाही तिचं अर्धं मन मोबाईलवर असे.

यशू सात वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर निकितांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. नागपूर-यवतमाळचे काही डॉक्टर मिळून मुलांवर एका इलाजाचा अभ्यास करत होते. ज्या पदार्थाची ॲलर्जी, तोच पदार्थ अगदी कणाकणाने खायला द्यायचा आणि हळूहळू वाढवत न्यायचा.

"म्हंजे बेसन खाऊ घालाचं?" बळीराम खुर्चीच्या काठावर आला.

"हो. पण आधी ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या शरीराला हरभरा चोर वाटतो. तो शिरला की सगळं घर काठ्या घेऊन उठतं, आणि त्या काठ्या घरातल्याच माणसांना लागतात. रोज थोडं थोडं दिलं की शरीराला त्याची सवय होते. हे आधीही करायचे. पण भराभर वाढवायचे. मुलं सुधारायची, मात्र वाटेत पुष्कळांना उलट्या व्हायच्या, दम लागायचा, आईबाप घाबरून सोडून द्यायचे. आम्ही पाहतोय की पीठ आधी चांगलं भाजून घेतलं, फार सावकाश वाढवलं आणि थोड्यावरच थांबलो, तर मुलांचा त्रास कमी होतो का."

"थोड्यावर म्हंजे? चार भजे?"

"एका भज्याहून कमी."

"मंग कायचा इलाज?"

"चुकून बुंदी तोंडात गेली तरी जीव वाचेल, एवढाच."

बळीराम खुर्चीत मागे सरकला. मग, काहीतरी आपल्याकडून द्यावं म्हणून म्हणाला, "बेसन माह्याकडून घ्या. एक नंबर आहे."

"शंभर टक्के हरभऱ्याचंच आहे ना? वाटाण्याचं पीठ वगैरे काही नाही त्यात?"

यावर बळीरामने खिडकीबाहेर पाहिलं. प्रभावती तोंडावर पदर धरून खोकली. भजे कुरकुरीत होण्यामागची ही गोष्ट बसस्टँडवर कोणालाच ठाऊक नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, पीठ आमच्याकडूनच, मोजलेल्या पुड्यांतून मिळेल.

मग त्यांनी यशूला जवळ बोलावलं आणि मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं की, तुला हे करायचं आहे का. नको असेल तर नको म्हण, कोणी रागावणार नाही. यशूने बराच विचार केला.

"सुई टोचान?"

"रोज नाही. कधी फार त्रास झाला तरच."

"आन मंग आबाजवळ झोपता येईन?"

"बहुतेक येईल."

"मंग कराचं," यशू म्हणाली. बळीरामने वर बघून, पंख्यावर लय धूळ साचली म्हणून सांगितलं.

पुढचा प्रश्न होता रोज औषध द्यायचं कोणी. पहिली पुडी आणि प्रत्येक वाढीव पुडी दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. पण मधल्या दिवसांत घरी. प्रियंकाला शाळेतून यायला उशीर व्हायचा. अश्वजित कोणत्या वेळी कोणत्या खांबावर असेल याचा नेम नव्हता. प्रभावतीला बारीक अक्षर दिसत नव्हतं. राहिला बळीराम.

डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. मग एकेक गोष्ट समजावली. औषध भरल्या पोटी द्यायचं. ताप असेल तर द्यायचं नाही, फोन करायचा. दिल्यावर दोन तास मुलीने धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, गरम पाण्याने आंघोळ नाही, कारण अंग तापलं की त्रास उसळू शकतो. आणि तसं झालंच तर मांडीत द्यायची सुई. ती कशी द्यायची ते त्यांनी एका संत्र्यावर करून दाखवलं आणि सगळ्यांकडून एकेकदा करून घेतलं.

बळीरामने घरी येऊन सरावाला बटाटे घेतले. त्याच्याकडे बटाट्यांची ददात नव्हती. कढई चढायच्या आधी तो एकेक उकडलेला बटाटा हातात धरायचा, "घाबरू नको, बाई" असं बटाट्याला म्हणायचा आणि सुईने त्यात साधं पाणी सोडायचा. पूनमसिंग, स्टँडवरचा काळी-पिवळी जीपवाला आणि रोजचं गिऱ्हाईक, एकदा आलुबोंडा मोडून म्हणाला, "बळीरामभाऊ, आजकाल आलू लय नरम लागून राह्यले."

"नवीन वाण आहे," बळीराम म्हणाला.

औषधाची वेळ ठरली यशू शाळेतून आल्यानंतरची, म्हणजे नेमकी भज्यांच्या गर्दीची. बळीरामने चाळीस वर्षांत पहिल्यांदा झारा दुसऱ्याच्या हातात दिला. ती दुसरी व्यक्ती प्रभावती होती. आठवड्याभरात लोक म्हणायला लागले की, संध्याकाळचा घाणा सकाळच्यापेक्षा चांगला असतो. बळीरामने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी तो जेवला नाही. प्रभावतीने विचारलं, "काहून जेवत नाही जी?" तर म्हणाला, भूक नाही. तिने झाकण उघडून संध्याकाळचे उरलेले भजे पुढे ठेवले. तो ते सगळे खाऊन उठला.

घरी मात्र त्याची खरी परीक्षा होती. कुस्करलेल्या केळ्यात पुडी मिसळून यशूला भरवणं सोपं होतं. नंतरचे दोन तास तिला एका जागी बसवणं म्हणजे उकळत्या तेलाला गप्प राहा म्हणण्यासारखं. पहिल्या दिवशी त्याने गोष्ट सांगायचं ठरवलं आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की, आपल्याला एकही गोष्ट येत नाही. येतात ती फक्त बसस्टँडवरची भांडणं. मग त्याने तीच सांगितली. एकाच खिडकीतून रुमाल टाकून दोन जणांनी एकच सीट धरली ते भांडण. बकरीचं तिकीट अर्धं की पूर्ण, त्यावरून झालेलं भांडण. नवरी एका गाडीत आणि नवरदेव दुसऱ्या गाडीत बसल्यामुळे दोन वऱ्हाडांत झालेलं भांडण. यशू हनुवटीवर हात ठेवून ऐकत बसायची. बळीराम दोन्ही बाजूंचे आवाज काढायचा आणि शब्दही जसेच्या तसे वापरायचा.

पंधरा दिवसांनी प्रियंका सासऱ्यापुढे उभी राहिली. "मामाजी, यशूनं आज वर्गात बेंचवरून भांडण केलं. तिच्या बाईंनी मला फोनवर शब्दसुद्धा सांगितले नाहीत. म्हणाल्या, घरी कोण ड्रायव्हर आहे का?"

त्यानंतर भांडणं बंद झाली आणि चिंचोक्यांची दानं टाकून पटावर चौआष्टा सुरू झाला. यशू सोंगट्या सरकवायची, बळीरामला ते दिसायचं, आणि तो न दिसल्यासारखं करायचा, कारण हरली की ती उठून पळायची.

महिने असे चांगले गेले. पुड्या मोठ्या होत गेल्या. कधी पोटात दुखलं, कधी ओठ खाजले, पण तेवढंच. दर वेळी यवतमाळला जाऊन नवी पुडी दवाखान्यात घेतली, बाकड्यावर बसून वाट पाहिली, आणि काही झालं नाही की बळीराम डॉक्टरांकडे अशा नजरेने बघायचा की जणू इलाज त्यानेच शोधला आहे.

मग आला एक बाजाराचा दिवस. बळीराम पहाटेपासून भट्टीपुढे होता. दुपारनंतर घरी येऊन आंघोळ केली, यशूला पुडी दिली, चौआष्टा मांडला. दान तिचं होतं. ती चिंचोके हातात खुळखुळवत होती, आणि त्या खुळखुळ्यातच त्याचा डोळा लागला.

यशूने थोडा वेळ आबाचं घोरणं ऐकलं. मग ती समोर संगीताच्या अंगणात गेली, जिथे मुलं पकडापकडी खेळत होती.

बळीरामला जाग आली ती खोकल्याने. यशू दारात उभी होती, गळ्यापासून गालांपर्यंत लाल, आणि श्वास घेताना तिच्या छातीतून जयंतीच्या दिवशीचा तोच आवाज येत होता. पुढचं सगळं त्याच्या हातांनीच केलं. फडताळातली सुईची डबी काढली, तिला आडवं केलं, फ्रॉक वर सरकवला. "घाबरू नको, बाई," तो म्हणाला, आणि मांडीत सुई दिली. मग एका हाताने फोन धरून तो एवढ्या मोठ्याने ओरडला की पूनमसिंगला फोनवर आणि फोनशिवाय, दोन्हीकडून ऐकू आलं असावं. बसवलेल्या सवाऱ्या उतरवून पूनमसिंग जीप घेऊन आला.

आर्णीच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत शिट्टी कमी झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आणखी औषध दिलं, म्हणाले, सुई वेळेवर दिली, आता काळजी नाही; पण रात्रभर इथेच ठेवू. यशूने डोळे उघडले आणि कुल्फी मागितली. ते ऐकलं, आणि इतका वेळ ताठ उभा असलेला बळीराम भिंतीला टेकत टेकत खाली बसला आणि आडवा झाला; त्याला उचलून खाटेवर ठेवावं लागलं. प्रभावती आणि प्रियंका धापा टाकत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: बळीराम खाटेवर निजलेला, आणि शेजारच्या खाटेवरून यशू त्याला एका फाइलने वारा घालते आहे.

"पेशंट कोणता आहे?" प्रियंकाने नर्सला विचारलं.

"आता दोन्ही," नर्स म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला थेट यवतमाळला नेलं. डॉक्टर निकितांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "औषध दिल्यावर ही धावली होती का?"

"धावली म्हंजे, चालून राह्यली होती," बळीराम म्हणाला. "जरा जोरात."

"मी पकडापकडी खेळली," यशू म्हणाली. "माह्यावर राज्य होतं. आबा घोरून राह्यले होते."

बळीरामने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "खरं आहे, मॅडम. डोळा लागला. माह्याच्यानं हे काम होत नाही. दुसऱ्या कोनाले द्या."

डॉक्टर काही बोलणार, त्याआधी प्रियंकाच बोलली. "मामाजी, मी असती तर मी जागी राहिली असती. पण ती सुई माझ्या हातून झाली नसती. मला संत्र्याला टोचतानाच रडू आलं होतं."

"काम बदलायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुडी मागे नेऊ आणि तिथेच जास्त दिवस थांबू. इलाज सावकाश ठेवलाय तो याचसाठी. अशी आणखी काही मुलं आहेत, सगळ्यांना त्रास धावल्यावरच झाला. तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर आम्ही पिठालाच दोष देत बसलो असतो."

"खरं तर मी सांगतलं," यशू म्हणाली.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या भिंतीवर सूचनांचा नवा कागद लागला होता. त्यात एक ओळ वाढली होती: औषध दिल्यानंतर दोन तास घरातील मोठ्या व्यक्तीने जागे राहावे. शेजारी राळेगावचे एक गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि बळीरामकडे वळले. "आता सांगा. लेकराले असं औषध देऊन कोन बावळट झोपला असंन?"

"असतात जी लोक," बळीराम म्हणाला, आणि यशूच्या तोंडावर हात ठेवला.

दुसरा हिवाळा आला तेव्हा परीक्षेचा दिवस ठरला. यशूला दवाखान्यात ठेवून, सगळी तयारी जवळ घेऊन, थोडं थोडं करत भज्याच्या एका मोठ्या घासाएवढं बेसन खायला घालायचं होतं. बळीरामने आदल्या दिवशी फोन करून विचारलं की घाणा कुठे काढायचा, दवाखान्यात भट्टी आहे की शेगडी आणू. डॉक्टरांनी सांगितलं, पीठ भाताच्या पेजेत मिसळून देणार. पेजेत बेसन, हे ऐकून त्याला यशूपेक्षा बेसनाची जास्त दया आली.

दिवसभर यशू खात राहिली, नर्स नाडी बघत राहिली, आणि बळीराम बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटची वाटी संपून बराच वेळ झाला तरी यशूच्या अंगावर एक गांधी उठली नाही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "जमलं. पण काका, नीट ऐका. ही बरी झाली असं नाही. रोज एवढं खात राहिली तरच शरीर हे लक्षात ठेवील. सुई घरात राहणारच. आणि पोटभर भजे आजही नाहीत."

"रोज एवढं खाचं," बळीरामने त्यातलं त्याच्या कामाचं तेवढं उचललं. "आता तं मी देऊ शकतो ना, माह्या हातचं?"

डॉक्टरांनी मान्य केलं. पीठ निव्वळ हरभऱ्याचं पाहिजे आणि वजन करूनच. बळीरामने वजनाचा छोटा काटा आणला, डाळ स्वतः निवडली आणि रिकाम्या, झाडून-पुसून घेतलेल्या गिरणीवर वेगळी दळून घेतली. रविवारी सकाळी हाटेलात नवी कढई चढली. पूनमसिंगने जीप लावून ठेवली होती, अश्वजितने सुटी काढली होती, दोन कंडक्टर गाडी सोडून उभे होते. मोजलेल्या पिठाचं एकच छोटं भजं तेलात पडलं. बळीरामने ते असं तळलं की त्याच्या आयुष्यात दुसरं भजं तसं तळलं गेलं नसेल. निथळून, गार करून, बशीत ठेवून त्याने ते यशूपुढे धरलं.

यशूने एक घास घेतला. हळूहळू चावला. सगळे तिच्या गालांकडे, ओठांकडे बघत होते. काही झालं नाही. तिने घास गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"मले नाही आवडलं," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही, बळीरामच्या तोंडाकडे बघून कोणाची हिंमत झाली नाही. फक्त प्रभावती म्हणाली, "मी तळून पाहू काय?"

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम आहे. ज्याच्या कढईपुढे लोक ताट घेऊन धक्काबुक्की करतात तो माणूस आता शाळा सुटल्यावर आठ वर्षांच्या मुलीपुढे बशी घेऊन बसतो आणि एक भजं खा म्हणून विनवण्या करतो. त्याने त्याची शेव करून पाहिली, चपटी वडी करून पाहिली, एकदा हत्तीचा आकार दिला, तो यशूला डुकरासारखा वाटला. ती खाते, पण अर्धं खाऊन काहीतरी कबूल करून घेते आणि मग उरलेलं. बसस्टँडवरची दोन भांडणं, आईला न सांगता, हा सध्याचा भाव आहे.

"बळीरामभाऊ, एक प्लेट आलुबोंडा," परवा गाडीतून उतरलेला कोणी माणूस घाईने म्हणाला.

"थांबा जी," बळीराम म्हणाला. "इकडं लय नाजूक काम चालू आहे." आणि मग, यशूकडे वळून, आवाज खाली आणत, "तं मंग तो बकरीवाला कंडक्टरले काय म्हनते..."